त्रिभुवनदास पटेल : दुधाची मालकी गावाकडे ठेवणारे लोकसेवक

भारतातील दुग्धव्यवसायाचा विषय निघाला की ‘अमूल’चे आणि त्यापाठोपाठ डॉ. व्हर्गीस कुरियन यांचे नाव प्रथम घेतले जाते. परंतु डॉ. कुरियन १९४९ मध्ये गुजरातमधील आणंद येथे आले, तेव्हा तेथील दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन होऊन सुमारे अडीच वर्षे झाली होती. गावोगाव फिरून तो उभा करणारे कार्यकर्ते होते त्रिभुवनदास किशीभाई पटेल. एक-दोन म्हशी बाळगणाऱ्या कुटुंबांचा छोटासा जोडधंदा संपूर्ण जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा आधार कसा होऊ शकतो, हे त्यांच्या कार्यातून देशाला दिसले.

त्रिभुवनदास यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०३ रोजी आणंद येथे झाला. आणंद त्या काळी खेडा जिल्ह्यात होते. या जिल्ह्यातील चरोतर हा भाग सुपीक जमीन, तंबाखूची शेती आणि दुभती जनावरे यांसाठी प्रसिद्ध होता. याच जिल्ह्यात १९१८ मध्ये महात्मा गांधी आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतसाऱ्याविरुद्ध सत्याग्रह झाला. त्या वातावरणात वाढलेल्या त्रिभुवनदास यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात शिक्षण घेतले आणि स्वातंत्र्यलढ्यात स्वतःला झोकून दिले. त्यासाठी १९३०, १९३५ आणि १९४२ मध्ये त्यांना कारावास भोगावा लागला. गावागावांत पायी हिंडल्यामुळे शेतकऱ्यांशी जडलेला स्नेह हीच त्यांची पुढील आयुष्यातील खरी शिदोरी ठरली.

खेडा जिल्ह्यातील दुधाची मोठी बाजारपेठ मुंबई ही होती. आणंद ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक आहे. दूध हा नाशवंत माल. सकाळी काढलेले दूध दुपारपर्यंत विकले गेले नाही, तर ते उत्पादकाच्या हातीच नासते. त्यामुळे भाव ठरविण्याची सत्ता आपोआप दूध थंड करून पाठवू शकणाऱ्याच्या हाती जाते. आणंद येथे अशी यंत्रणा पोल्सन या खासगी दुग्धालयाकडे होती. मुंबई सरकारने १९४५ मध्ये शहरासाठी दूध योजना सुरू केली आणि आणंद परिसरातील दूध गोळा करण्याचा एकाधिकार पोल्सनला दिला. मुंबईतील ग्राहक चांगला दर मोजत होता. मात्र त्यातील फारच थोडा हिस्सा म्हैस पाळणाऱ्याच्या पदरात पडत होता. मधला वाटा दुग्धालय आणि गावोगावचे दलाल यांच्याकडे जात होता.

या अन्यायाविरुद्ध दाद मागण्यासाठी शेतकऱ्यांचे शिष्टमंडळ सरदार पटेल यांच्याकडे गेले. केवळ भाववाढ मागून प्रश्न सुटणार नाही. दुधाचे संकलन, प्रक्रिया आणि विक्री ही तिन्ही कामे उत्पादकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेकडे यायला हवीत, असा सल्ला सरदारांनी दिला. त्यासाठी काही दिवस दूध विकणे बंद ठेवावे लागेल आणि तोटा सोसावा लागेल, याचीही जाणीव त्यांनी करून दिली. पुढील मार्गदर्शनासाठी त्यांनी मोरारजी देसाई यांना खेडा जिल्ह्यात पाठविले.

४ जानेवारी १९४६ रोजी समरखा या गावी मोरारजींच्या अध्यक्षतेखाली शेतकऱ्यांची सभा झाली. गावोगाव दूध उत्पादकांच्या संस्था स्थापन कराव्यात, त्यांचा जिल्हा संघ असावा आणि सरकारने दूध त्या संघाकडूनच घ्यावे, असे या सभेत ठरले. सरकारने ही मागणी मान्य केली नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी दूध विकणे थांबविले. हा संप पंधरा दिवस चालला. ज्या घराचा रोजचा खर्च दुधाच्या पैशावर चालतो, त्या घराने पंधरा दिवस दूध न विकणे ही साधी गोष्ट नव्हती. लोकांचा निर्धार टिकविण्याची जबाबदारी त्रिभुवनदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर होती. आणंदहून मुंबईला जाणारे दूध थांबले आणि मुंबईची दूध योजना अडचणीत आली. अखेर सरकारला उत्पादकांची मागणी मान्य करावी लागली.

१४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास संघाचे अध्यक्ष झाले. दोन गावांच्या संस्था आणि दिवसाला सुमारे अडीचशे लिटर दूध एवढ्यावर कामाचा प्रारंभ झाला. १९४८ मध्ये संघाने मुंबईच्या योजनेसाठी दुधाचे पाश्चरीकरण सुरू केले. त्या वर्षाच्या अखेरीस चारशेहून अधिक उत्पादक जोडले गेले आणि दैनिक संकलन पाच हजार लिटरपर्यंत पोहोचले.

गावच्या दूध संस्थेची रचना साधी होती, आणि साधेपणातच तिचे बळ होते. दूध घालणाऱ्यालाच सभासद होता येई. एक म्हैस असो वा दहा, प्रत्येक सभासदाला मत एकच. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेतले जाई, त्यातील स्निग्धांश तपासला जाई आणि त्यानुसार दर मिळे. पाणी घातलेल्या दुधाला किंमत नाही आणि चांगल्या दुधाचे पैसे कोणी बुडवू शकत नाही, ही खात्री सर्वांना पटली. एका वेळच्या दुधाचे पैसे पुढच्या वेळी रोख हाती पडत. सावकाराकडे जाण्याऐवजी घरात रोज थोडी रोकड येऊ लागली. संकलन केंद्रावर सर्व जातींची माणसे एकाच रांगेत उभी राहू लागली. वर्षअखेरीस उरणाऱ्या नफ्यातून सभासदांना बोनस मिळे आणि काही रक्कम गावच्या शाळा, रस्ता वा वाचनालयासाठी उपयोगात येई.

दूध वाढले तशी तांत्रिक ज्ञानाची गरज भासू लागली. अमेरिकेतून उच्च शिक्षण घेऊन आलेले तरुण अभियंता व्हर्गीस कुरियन त्या वेळी आणंदच्या सरकारी दुग्धालयात नोकरीला होते आणि तेथून बाहेर पडण्याच्या विचारात होते. संघाची जुनी यंत्रे दुरुस्त करण्यासाठी त्रिभुवनदास त्यांची मदत घेत असत. त्यांनीच कुरियन यांना आणंद सोडण्यापासून परावृत्त केले आणि १९५० मध्ये संघाच्या व्यवस्थापनाची धुरा त्यांच्याकडे सोपविली. केरळमधून आलेल्या, गुजराती न येणाऱ्या तरुणावर अध्यक्षांनी पूर्ण विश्वास टाकला. शेतकऱ्यांशी संपर्क आणि राजकीय दबावापासून संघाचे रक्षण हे काम अध्यक्षांचे. कारखाना आणि व्यापार ही बाब व्यवस्थापकाची, अशी स्पष्ट विभागणी झाली. व्यवस्थापनात ढवळाढवळ न करण्याचा हा संयम त्रिभुवनदास यांनी दोन दशके पाळला.

या विश्वासाची कसोटी हिवाळ्यातील जादा दुधाने घेतली. म्हशी हिवाळ्यात अधिक दूध देतात. मुंबईची मागणी मात्र तेवढीच राही. उरलेले दूध नाकारले, तर सभासद पुन्हा दलालाकडे वळणार हे उघड होते. दुधाची भुकटी करणे हाच उपाय होता. पण म्हशीच्या दुधाची भुकटी करणे व्यवहार्य नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. संघातील अभियंता हरिचंद मेघा दलाया यांनी ते शक्य करून दाखविले. युनिसेफच्या साहाय्याने आणंद येथे नवे दुग्धालय उभे राहिले आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आता वर्षभर, सभासद आणील ते सर्व दूध घेणे संघाला शक्य झाले. पशुवैद्यकीय सेवा, कृत्रिम रेतन आणि पशुखाद्य यांची व्यवस्थाही संघाने गावापर्यंत नेली.

सामाजिक नेतृत्वासाठीचा रेमन मॅगसेसे पुरस्कार १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल, व्हर्गीस कुरियन आणि मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांना संयुक्तपणे देण्यात आला. उत्पादक, व्यवस्थापक आणि शहराची बाजारपेठ या तिन्ही बाजूंचा तो गौरव होता. १९६४ मध्ये भारत सरकारने त्रिभुवनदास यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी खेडा जिल्ह्यातील अजरपुरा या गावी एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला आणि गावकऱ्यांकडून या यशाचे कारण समजून घेतले. आणंदचा हा प्रयोग देशभर नेण्यासाठी १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील दूध संघांनी पुढे या रचनेतून प्रेरणा घेतली.

या रचनेच्या मर्यादाही होत्या. ज्याच्याकडे जनावर नाही, अशा भूमिहीन मजुराला तिचा थेट लाभ मिळत नव्हता. म्हशीचा चारा-पाणी आणि धार काढणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची. परंतु सभासदत्व बहुधा पुरुषांच्या नावावर असे. स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न तर संस्थेच्या कक्षेबाहेरच राहिला होता.

त्रिभुवनदास यांनी राज्यसभेचे सदस्य म्हणून आणि गुजरात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष म्हणूनही काम केले. मात्र पदाला चिकटून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी संघाचे अध्यक्षपद स्वेच्छेने सोडले. त्या वेळी सभासदांनी प्रत्येकी एक रुपया जमवून सुमारे सहा लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण केली. ही रक्कम त्यांनी स्वतःसाठी न ठेवता तिच्यातून त्रिभुवनदास प्रतिष्ठान स्थापन केले. खेडा जिल्ह्यातील स्त्रिया आणि बालके यांच्या आरोग्यासाठी या प्रतिष्ठानने काम सुरू केले. गावच्या दूध संस्थेच्याच आधाराने गावातील आरोग्यसेविका घरोघर पोहोचू लागल्या.

३ जून १९९४ रोजी त्रिभुवनदास पटेल यांचे निधन झाले. १९९७ मध्ये खेडा जिल्ह्याचे विभाजन होऊन आणंद हा स्वतंत्र जिल्हा झाला. संसदेने २०२५ मध्ये कायदा करून आणंद येथे स्थापन केलेल्या सहकार विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. भांडवल, यंत्रे आणि तज्ज्ञ बाहेरून आणता येतात. परंतु मालकी आणि परस्परांवरील विश्वास गावातच जपावा लागतो, हा धडा खेडा जिल्ह्याने घालून दिला. तो जपण्याचे काम या लोकसेवकाने कोणताही गाजावाजा न करता आयुष्यभर केले.