ग्वाल्हेरचे दिवाण दिनकरराव राजवाडे

बडोद्यात फेब्रुवारी १८७५ मध्ये सहा जणांच्या कमिशनपुढे एक विलक्षण खटला उभा राहिला. आरोपी होते खुद्द मल्हारराव गायकवाड. रेसिडेंट कर्नल फेयर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घालविल्याचा त्यांच्यावर आरोप होता. कमिशनात तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदींपैकी ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि जयपूरचे रामसिंह हे दोघे गादीवरचे राजे. तिसरे संस्थानिक नव्हते. ते जयाजीरावांचेच माजी दिवाण दिनकरराव राजवाडे होते. गणपतीला बोरिवली-मुलुंडहून देवरुखची गाडी पकडणाऱ्या चाकरमान्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की हे गृहस्थ त्यांच्याच गावचे.

दिनकररावांचा जन्म देवरुखचा, २० डिसेंबर १८१९ चा. घराण्याची चाकरी शिंदेशाहीत असल्याने वयाच्या पंधराव्या वर्षीच ते ग्वाल्हेरच्या सेवेत शिरले. पुढे एका सुभ्याचा कारभार हाती येताच त्यांनी तेथील पोलीस व महसूल या दोन्ही खात्यांची घडी बसविली. डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनियार येथे इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर संस्थान मोडकळीस आले होते. फौज बेबंद, खजिना रिकामा. अशा वेळी, १८५२ च्या सुमारास, दिवाणगिरी त्यांच्याकडे आली. त्यांनी जाचक कर उठविले, सार्वजनिक बांधकामे काढली आणि पगार कमी केले. त्या कपातीतून स्वतःचे वेतनही त्यांनी वगळले नाही. तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली.

तोच सत्तावन्न साल उजाडले. संस्थानच्या पैशाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ग्वाल्हेर कंटिंजंट १४ जूनला मोरारच्या छावणीत उठली. ती तडक आग्र्यावर गेली असती, तर इंग्रजांची अवस्था बिकट झाली असती. जयाजीराव तेव्हा ऐन तारुण्यात होते. त्यांनी आणि दिवाणांनी पैसा, आश्वासने आणि चालढकल यांच्या बळावर ती फौज महिनोन्‌महिने ग्वाल्हेरातच गुंतवून ठेवली. मात्र १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीची राणी चालून आले, तेव्हा शिंद्यांची स्वतःची फौजही त्यांना मिळाली. महाराज व दिवाण यांनी आग्र्याचा किल्ला गाठला. याच महिन्यात राणी ग्वाल्हेरच्या रणात पडली. मराठी मनाने दिनकररावांना फारसे जवळ केले नाही, त्याचे मूळ इथेच असावे. ज्या राज्याची विस्कटलेली घडी आपण हाताने बसविली, ते पुन्हा पणाला लावण्यास हा कारभारी तयार नव्हता, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

इंग्रजांची मर्जी संपादली, तरी धन्याची टिकली नाही. डिसेंबर १८५९ मध्ये दिवाणगिरी सुटली. पुढे जहागीर, वंशपरंपरागत राजा हा किताब आणि ‘के. सी. एस. आय.’ हे सन्मान मिळाले. १८६२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात प्रथमच हिंदी सभासद घेतले गेले, त्या तिघांत ते होते. १८७३ मध्ये धोलपूरच्या अल्पवयीन राण्यांचे पालकत्व त्यांच्याकडे आले, पण प्रकृतीमुळे ते लवकरच सोडावे लागले.

आणि मग बडोदे. सरकारने निवडले, ते एक भरवशाचा माणूस म्हणूनच. माजी धनी व माजी दिवाण एकाच आसनपंक्तीत बसले. निकालाच्या वेळी मात्र कमिशन दुभंगले : तिन्ही इंग्रजांनी गायकवाडांना दोषी धरले, तिन्ही हिंदींनी धरले नाही. दिनकररावांच्या मते विषप्रयोगाचा आरोप शाबीतच झाला नव्हता. ज्या सत्तेसाठी त्यांनी आग्र्याची वाट धरली होती, त्याच सत्तेला नको असलेला हा अभिप्राय होता. सरकारने विषप्रयोग बाजूस ठेवला आणि गैरकारभाराचे कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. त्यांच्या जागी कवळाण्याचा मुलगा दत्तक आला, तेच सयाजीराव.

इंग्रजी शिकण्यास दिनकररावांनी आरंभ केला तो चाळिशीत, आणि त्या भाषेत सफाईने संभाषण त्यांना कधीच साधले नाही. तरीही एकामागून एक व्हाइसरॉय त्यांचा सल्ला घेत राहिले. सामाजिक सुधारणा त्यांना रुचत नसत. काँग्रेसपासूनही ते दूरच राहिले. ९ जानेवारी १८९६ रोजी त्यांचे निधन झाले.