देवळाच्या दारातून दवाखान्याच्या दारात

जळगाव किंवा धुळ्याहून कर्करोगाचा रुग्ण मुंबईला उपचारासाठी निघतो, तेव्हा घरच्यांना औषधांच्या खर्चाइतकीच आणखी एक काळजी असते. राहायचे कुठे? रेडिएशनचा एक डोस काही मिनिटांत आटोपतो. पण अनेकदा तो आठवड्यातून पाच दिवस, असा पाच-सहा आठवडे घ्यावा लागतो. त्यासाठी भरती करून घेत नाहीत. जवळपास खोली मिळाली नाही, तर रुग्ण फुटपाथवर पथारी पसरतो, नाहीतर उपचार अर्धवट टाकून गावी परततो. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या अशा अनेकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला आहे. या धर्मशाळेला ज्यांचे नाव आहे, त्यांना निवाऱ्याची किंमत लहानपणीच कळली होती.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनात खंगून गेले. आई सखुबाई लहानग्या देबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात त्यांचे बालपण गेले. शाळा नशिबी नव्हती. मोठेपणी मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्यांनी गोड जेवण दिले. वडिलांच्या मरणाचा धडा ते विसरले नव्हते.

१९०५ साली पत्नी कुंताबाई आणि मुलांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. अंगावर चिंध्या आणि हाती मातीचे गाडगे, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडायची, असा त्यांचा क्रम होता. त्या काळी यात्रा म्हणजे पटकीला आमंत्रणच असे. मैला पाण्यात मिसळला की रोग गावोगाव पसरे. बाबांचा खराटा ही सार्वजनिक आरोग्याचीच सेवा होती.

यात्रांमध्ये त्यांना आणखी एक दुनिया दिसली. अंध, पांगळे, कुष्ठरोगी आणि घरच्यांनी टाकलेले आजारी लोक घाटावर, झाडाखाली पडलेले असत. कुष्ठरोगावर गुणकारी सल्फोन औषधे १९४० च्या दशकात आली. त्याआधी या रोगाची चाहूल लागली, की माणसाचे घर सुटे. बाबांनी अशांसाठी अन्नछत्रे चालवली, कपडे वाटले. भुकेल्याला अन्न द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, बेघराला आसरा द्यावा, रोग्याला औषध द्यावे, ही कामे त्यांनी एकाच यादीत बसवली. आसरा आणि औषध त्यांच्या लेखी वेगळे नव्हते.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेत अस्पृश्य वारकऱ्यांना हक्काचे छप्पर मिळाले. पण आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे पाऊल पडले ते मुंबईत. १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. आजवर देवाच्या दारात असलेली धर्मशाळा बाबांनी दवाखान्याच्या दारात आणली.

याची किंमत त्यांच्या घराने मोजली. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कोकणात कीर्तन चालू असताना आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतींवर त्यांनी घरच्यांचा हक्क ठेवला नाही. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि कामाला कायमची घडी मिळाली.

१९५६ च्या अखेरीस त्यांची प्रकृती ढासळली. २० डिसेंबरला अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी वाटेतच प्राण सोडला. हजारोंना छप्पर देणारा माणूस रस्त्यावर गेला.

रोग बरा होणार नसला तरी रुग्णाची काळजी संपत नाही, हा विचार वैद्यकशास्त्रात रुजायला पुढे वेळ लागला. सिसिली सॉन्डर्स यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस लंडनमध्ये १९६७ साली सुरू झाले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, वांद्र्यात १९८६ मध्ये उघडले. वेदना मॉर्फिनने आटोक्यात ठेवणे, जखमा धुणे, अंग पुसणे, खाऊ घालणे आणि जवळ बसणे, हे या उपशामक सेवेचे मुख्य काम. घरी ते शिकवता येते. ज्याला घरच नाही, त्याला आधी खाट लागते.

उपचार चालू असतानाही छप्पर लागतेच. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा फुटपाथवरचा साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. स्वच्छ खोली, उकळलेले पाणी, ताजे जेवण यांनी तो धोका कमी होतो.

खानदेशात गावोगावी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणारे दाते झाले. त्यांच्या वारसांनी पुढची वीट जिल्हा रुग्णालयाच्या दाराजवळ रचली, तर बाबांचे काम पुढे जाईल.