गोपाळबाबांचा अर्ज

जवान भावाच्या बदलीसाठी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिताना डोंबिवली-ठाणे प्रवासात मी कागद नुसत्या रागाने भरला. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आठवले.

महाडजवळच्या रावढळचे बाबा १८८६ साली लष्करातून पेन्शनीत निघाले व दापोलीस राहिले. अनार्य दोषपरिहारक मंडळी त्यांनी चालविली. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली. १८९४ साली बाबांनी सरसेनापतींच्या नावे अर्ज लिहिला. त्यात पूर्वजांच्या चाकरीचे दाखले होते आणि मागणी नेमकी होती. हयातीत दार उघडले नाही. १९०० साली ते वारले. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली.

ठाण्याला उतरून मी कागद फाडला. आईच्या आजाराचे दाखले जोडून अर्ज नव्याने लिहिला.