गांधीजी आणि संपूर्ण आरोग्य

आजारी पडलो की आपण दवाखान्यात जातो, गोळ्या घेतो आणि ताप उतरला की बरे झालो असे समजतो. पण ज्या घरात रात्री झोप नाही, खाल्लेले अंगी लागत नाही, रोजची भांडणे आहेत आणि दारासमोर नाली तुंबली आहे, त्या घराला निरोगी घर म्हणता येईल का? महात्मा गांधींनी हा प्रश्न आयुष्यभर स्वतःला विचारला. या रविवारी आपण त्यांच्या जीवनाची ही बाजू पाहू या. स्वातंत्र्याचे गांधीजी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. आरोग्यासाठी झटलेले गांधीजी तितके ठाऊक नाहीत. त्यांचे हे काम तर आपल्या विदर्भात, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात बहरले.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. लहानपणीच त्यांना आजारी वडिलांची शुश्रूषा करावी लागली आणि रुग्णसेवेची आवड तेव्हापासून लागली. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. आईला दिलेल्या वचनाप्रमाणे तेथेही त्यांनी मांस खाल्ले नाही. पैसे वाचावेत म्हणून ते रोज कितीतरी मैल पायी चालत. काटकसरीसाठी लागलेली ही सवय त्यांनी पुढे सोडली नाही.

१८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. डर्बन शहरात डॉ. बूथ नावाच्या मिशनरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक लहान धर्मादाय दवाखाना चाले. वकिली सांभाळून गांधीजी रोज सकाळी तेथे जात, रुग्णांची विचारपूस करीत आणि औषधे बनवून देत. एकदा एक कुष्ठरोगी त्यांच्या दारी आला. त्यांनी त्याला घरात ठेवून घेतले, त्याच्या जखमा धुतल्या आणि मग त्याला इस्पितळात पाठवले.

आपल्याला विशेष वाटावी अशी एक गोष्ट त्याच काळात घडली. डर्बनजवळ मारियनहिल येथे आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतील ट्रॅपिस्ट संन्याशांचा मठ होता. १८९५ साली गांधीजींनी त्या मठाला भेट दिली. साधे शाकाहारी जेवण, दिवसभर हातांचे काम, मौन आणि ठरलेल्या वेळी प्रार्थना असा तेथील नेम होता. गांधीजी इतके भारावले की त्यांनी त्यावर एक लेख लिहून इंग्लंडमधील शाकाहारी लोकांच्या पत्रात छापला. पुढे त्यांच्या स्वतःच्या आश्रमांतही श्रम, साधे अन्न आणि प्रार्थना यांची सांगड घातलेली दिसते.

आफ्रिकेत असताना त्यांनी कुने आणि जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके वाचली. बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी यांनी ते त्रासले होते. पोटावर ओल्या मातीची पट्टी, थंड पाण्याचे कटिस्नान आणि हलका आहार यांनी त्यांना आराम पडला. १९०२ साली मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वर आणि न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. गांधीजींनी तो दिला नाही. ओली चादर गुंडाळून आणि संत्र्याचा रस देऊन त्यांनी मुलाची शुश्रूषा केली आणि मुलगा वाचला. तो पाण्याने वाचला, शुश्रूषेने वाचला की देवाच्या कृपेने, हे आपण सांगू शकत नाही, असे गांधीजींनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. १९०४ साली जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तीत प्लेग आला. तेव्हा जिवाची पर्वा न करता ते २३ रोग्यांच्या सेवेत रात्रभर राहिले. त्यांपैकी दोघेच वाचले.

भारतात परतल्यावर त्यांच्या या हट्टाची कसोटी लागली. गाई-म्हशींना दिला जाणारा त्रास पाहून त्यांनी दूध न पिण्याची शपथ घेतली होती. १९१८ साली त्यांना जबर हगवण झाली आणि शरीर पार खंगले. डॉक्टरांनी दूध हवेच म्हणून सांगितले. गांधीजी ऐकेनात. शेवटी कस्तुरबांनी बकरीच्या दुधाचा मार्ग काढला आणि ते त्यांनी घेतले. शपथेचे शब्द पाळले पण तिचा अर्थ मोडला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा विकार झाला. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज शल्यविशारद कर्नल मॅडॉक यांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. इस्पितळांवर कडक टीका करणाऱ्या माणसाने गरज पडताच आपले शरीर डॉक्टरांच्या हाती सोपवले, आणि तेही ज्या सरकारशी ते लढत होते त्याच सरकारच्या डॉक्टरांच्या हाती.

१९३४ च्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचा कारभार जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होता. तामिळ ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले हे अर्थशास्त्रज्ञ येशूवरील श्रद्धेतूनच खेड्यांच्या सेवेत आले होते. गांधीजी आणि कुमारप्पा यांनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत घासला की कोंड्याबरोबर जीवनसत्त्वे निघून जातात. त्यांतील ब१ फार कमी पडले तर बेरीबेरीसारखा रोग होतो. आपले तुमसर तर धानाचे गाव. बांधीत पिकलेले धान आपणच गिरणीत नेतो, पांढरा तांदूळ घरी आणतो आणि कोंडा ढोरांना घालतो. ढोरांच्या वाट्याला सत्त्व जाते आणि लेकरांच्या वाट्याला भुसभुशीत भात येतो! तांदूळ जरा कमी पॉलिश करून घेतला, तर हा तोटा काही अंशी नक्की टळेल.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव खेड्यात राहायला आले. पुढे हेच गाव सेवाग्राम झाले. तेथे डास, साप, चिखल आणि उघड्यावरची घाण होती. त्याच वर्षी हिवतापाने त्यांनाही गाठले. गावात राहायचे तर गावाचे रोगही वाट्याला येणार, हे त्यांना कळून चुकले. म्हणून मैला मातीखाली पुरून खत करणे, विहिरी स्वच्छ ठेवणे, आजाऱ्यांची स्वतः चौकशी करणे हे त्यांच्या रोजच्या कामात आले. शेजाऱ्याच्या अंगणात डबके असेल तर त्यावरचा डास आपल्याही घरात येतो. एकट्याचे आरोग्य कधीच टिकत नाही.

१९३९ साली परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. हे संस्कृतचे मोठे पंडित येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर होते. आता त्यांना महारोग जडला होता आणि आपल्या माणसांतही त्यांना थारा नव्हता. कुष्ठरोगावर गुणकारी औषध तेव्हा निघाले नव्हते आणि आश्रमात इतरही माणसे, मुले होती. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळच झोपडी बांधली. देशाची एवढी कामे डोक्यावर असताना ते रोज वेळ काढून त्यांच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करीत. आपल्या प्रभूनेही कुष्ठरोग्याला बरे करताना आधी त्याला हात लावला होता, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. माणसाने टाकलेल्या माणसाला आधी स्पर्श हवा असतो.

१९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. हवा, पाणी, अन्न, माती आणि सूर्यप्रकाश यांचा उपयोग त्यात सांगितला आणि दारू व तंबाखूविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. त्याच बंदिवासात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्यासाठी पेनिसिलिन हे नवे औषध मागवले होते. आशा सुटलेल्या देहाला सुया टोचू नयेत असे म्हणून गांधीजींनी ते देऊ दिले नाही. या निर्णयाबद्दल आजही लोक वाद घालतात. मोठ्या माणसांचे निर्णयही त्यांच्या काळजाच्या वेदनेतून झालेले असतात, एवढेच आम्ही येथे म्हणतो.

सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्याबरोबर गरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र चालवण्याचा त्यांचा बेत होता. पण खेड्यातला गरीब शहरात उपचाराला कसा येणार? आपली चूक ध्यानात येताच त्यांनी बेत बदलला आणि मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळच्या उरुळी कांचन गावी मुक्काम केला. गावकऱ्यांनी जमीन दिली. साधा आहार, स्नान, ऊन, स्वच्छता आणि मनापासून देवाचे नामस्मरण हेच तेथले औषध होते. गांधीजींना लवकरच पुढे जावे लागले. मागे राहिलेल्या मणिभाई देसाई या तरुणाने सारे आयुष्य तेथे वाहिले. तो आश्रम आजही चालू आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत सायंप्रार्थनेला जाताना गांधीजींची हत्या झाली.

या जीवनातून आपण काय घ्यावे? एक खबरदारी आधी सांगतो. सिकलसेल, क्षयरोग, हिवताप, मधुमेह यांवर आज औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर घेतलीच पाहिजेत. निसर्गोपचाराच्या नावाखाली दुखणे अंगावर काढू नये. गांधीजींनीही अखेर शस्त्रक्रिया करून घेतली होती. कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. पण गोळीने सारे भागत नाही. खर्ऱ्याची पुडी आणि दारूची बाटली घरात येत राहिली तर डॉक्टर तरी काय करणार? मनातला राग आणि अबोला कोणत्या इंजेक्शनाने जाणार?

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. घरासमोरची नाली शेजाऱ्यांना बरोबर घेऊन साफ करावी. रोज संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून जेवावे आणि प्रार्थना करावी. आणि आपल्या वस्तीत एखादा आजारी माणूस एकटा पडला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसावे. त्याला बरे वाटेलच, आणि आपल्यालाही वाटेल.