ऑस्वल्ड ॲव्हरी : एका चिकाटीच्या संशोधकाचे चरित्र

‘खाण तशी माती’ असे आपण सहज म्हणतो. परंतु आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते कोणत्या द्रव्याच्या द्वारे, हे कोडे शतकानुशतके सुटले नव्हते. ते सोडविण्याचा मान एका अबोल, कृश प्रकृतीच्या डॉक्टराकडे जातो. आणि त्याला हे उत्तर मिळाले ते मनुष्याच्या देहात नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जंतूत!

ऑस्वल्ड ॲव्हरी यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १८८७ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९०४ मध्ये ॲव्हरी कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळवून डॉक्टर झाले. काही काळ त्यांनी वैद्यकी केली. परंतु त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात दाखल झाले आणि न्यूमोनियाच्या जंतूचा अभ्यास हेच त्यांचे जीवितकार्य ठरले. ते आजन्म अविवाहित राहिले.

या जंतूंपैकी काहींच्या अंगावर शर्करेच्या जातीच्या द्रव्याचे कवच असते. ते घातक असतात. कवच नसलेले निरुपद्रवी. १९२८ मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक ग्रिफिथ यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. उष्णतेने मारलेले कवचधारी जंतू आणि जिवंत पण कवचहीन जंतू त्यांनी एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत कवचधारी जंतू सापडले! इतकेच नव्हे, तर त्या जंतूंची पुढची प्रजाही कवच घेऊनच जन्मास आली. म्हणजे मृतांनी जिवंतांस आपला वारसा दिला होता.

ॲव्हरींना प्रथम हे खरे वाटेना. परंतु १९३२ च्या सुमारास त्यांच्याच प्रयोगशाळेत अलोवे यांनी मृत जंतूंच्या गाळलेल्या अर्कानेही हा पालट घडतो असे दाखविले. मग त्या अर्कातील नेमके द्रव्य कोणते? बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत अशी, की एवढे गुंतागुंतीचे कार्य प्रथिनेच करू शकतील. डी. एन. ए. हे न्यूक्लिइक अम्ल चारच प्रकारच्या घटकांचे बनलेले. ते बिचारे काय वारसा सांगणार!

ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी या तिघांनी एकेक संशयित बाजूला काढण्याचा मार्ग धरला. प्रथिने पचविणारे एंझाइम अर्कात घातले. अर्काचा गुण कायम राहिला. आर. एन. ए. नष्ट करणारे एंझाइम घातले. तरीही गुण कायम. डी. एन. ए. नष्ट करणारे एंझाइम घालताच मात्र तो गुण लोपला. हे काम अतिशय कष्टाचे होते. ७५ लिटर जंतुद्रवातून जेमतेम १० ते २५ मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य हाती येई. परंतु साठ कोटी भागांत त्याचा एक भाग असला तरी ते आपला प्रभाव दाखवी.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा ॲव्हरींनी वयाची साठी केव्हाच ओलांडली होती. त्यांनी पुराव्यापलीकडे एक शब्दही लिहिला नाही; दुसऱ्या एखाद्या द्रव्याचा अंश राहिला असेल, ही शक्यताही त्यांनी मोकळेपणाने नमूद केली. हाच प्रामाणिकपणा टीकाकारांच्या पथ्यावर पडला. प्रथिनाचा लेश शिल्लक असेल, असा आक्षेप ते वर्षानुवर्षे घेत राहिले. १९५२ मध्ये हर्शे आणि चेस यांच्या प्रयोगाने ॲव्हरींच्या निष्कर्षास बळकटी आली. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डी. एन. ए.ची रचना उलगडली. २० फेब्रुवारी १९५५ रोजी नॅशव्हिल येथे ॲव्हरी निवर्तले. अनेकदा नाव सुचविले जाऊनही नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही.

परंतु त्यांचे कार्य मागे राहिले. जंतूतील एखादे जनुक काय करते हे जाणण्यासाठी शास्त्रज्ञ आजही ते जनुक निकामी करतात आणि कोणता गुण किंवा कोणते प्रथिन नाहीसे झाले ते पाहतात. बाहेरचे डी. एन. ए. जंतूत घालून त्याच्याकडून हवे ते प्रथिनही करवून घेतात. १९८२ पासून मधुमेहाच्या रोग्यांना मिळू लागलेले मानवी इन्शुलिन अशाच जंतूंकडून तयार करविलेले होते.

विद्यार्थी मित्रहो, मानसन्मान मिळणे न मिळणे आपल्या हाती नसते. परंतु जे सिद्ध झाले तेवढेच सांगावे आणि जे सांगितले ते पुनःपुन्हा पडताळून पाहावे, हे मात्र आपल्या हाती असते. ॲव्हरींनी जन्मभर तेच केले.