अंगणातली माती आणि ताराबाई

मटेरियल सायन्सच्या पेपरात सिरॅमिक्सचा प्रश्न मी पाठ करून झकास लिहिला होता. पण रासेयोच्या शिबिरासाठी आपण मुरबाड तालुक्यातल्या धसईला गेलो, तेव्हा अंगणवाडीतल्या पोरांसमोर माझी पार फजिती झाली.

मातीकामाचा तास माझ्याकडे होता. मी फळ्यावर पणती काढली, मापं सांगितली आणि सगळ्यांच्या पणत्या एकसारख्या व्हाव्यात म्हणून पोरांच्या हातातली माती काढून घेऊन स्वतःच करत बसलो. एका चिमुरडीला बैल करायचा होता. तिचीही माती घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही पणत्या गोवऱ्यांत भाजल्या, तर निम्म्याहून जास्त तडकल्या. माती आतून ओली होती, पाण्याची वाफ झाली आणि पणत्या फुटल्या. पुस्तकात वाचलेलंच होतं की! पण खरी चूक ती नव्हतीच. ती चिमुरडी त्या दिवसापासून यायचीच बंद झाली.

अंगणवाडीच्या ताई मला रागावल्या नाहीत. ताराबाई मोडकांचं चरित्र वाच, एवढंच म्हणाल्या. रात्री कंदिलाजवळ वाचायला घेतलं आणि झोपच उडाली.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२चा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी घेऊन त्या राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. त्या काळात भारतीय बाईला असं पद म्हणजे केवढी गोष्ट! पण भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं होतं. त्या कामाच्या ओढीनं ताराबाईंनी पक्की नोकरी सोडली आणि लहान मुलांत जाऊन बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे त्यांनी मराठीतून शिक्षणपत्रिका चालवली, दादरच्या शिशुविहारात काम उभं केलं.

ही सगळी पद्धत मॉण्टेसरीबाईंची. त्यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथे मुलं मातीची छोटी भांडी आणि विटा करत आणि त्या भट्टीत भाजल्या जात. म्हणजे आपण तिसऱ्या सेमिस्टरला जे शिकतो ते ती पोरं हातानं शिकत होती! साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या रचनेतलं पाणी निघून जातं आणि मग ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. हे समीकरण न लिहिताही समजतं, फक्त भांडं स्वतःचं असावं लागतं.

पण आपल्याकडे मॉण्टेसरीची साधनं महाग पडत. शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलांनाच ती मिळत. हे ताराबाईंना सलत होतं. १९४५ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, त्या शहर सोडून बोर्डीला आल्या. ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. विकतच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं आणि माती आली. फुकटची, पण मुलांच्या ओळखीची.

तरी वस्तीतली मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. इथे दुसरं कुणी असतं तर पालकांना दोष देऊन मोकळं झालं असतं. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९५७च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. तेव्हा गुराख्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. ती कुरणशाळा. कोसबाद तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, २०१४पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ला त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. धसईच्या त्या खोलीवरच्या पाटीवर तोच शब्द आहे. मी रोज त्याखालून वाकून आत जात होतो आणि पत्ताच नव्हता!

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी घमेलंभर मळलेली माती घेऊन त्या चिमुरडीच्या अंगणात जाऊन बसलो. काही शिकवलं नाही. ती बराच वेळ दाराआडून बघत होती. मग आली, आणि बैल करायला बसली. त्याचे पाय चार जाडीचे, एक शिंग गायब. मी हात मागे बांधून ठेवले, खरंच सांगतो, फार अवघड गेलं. बैल सावलीत वाळत ठेवायचा, आठवडाभर तरी भाजायचा नाही, एवढंच ताईंना सांगून आलो.

आता टूलबॉक्स घेऊन कुणाला काही शिकवायला निघालो की आधी तो बैल आठवतो.