चेतापेशीचा चित्रकार : काहाल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चेतापेशीवर लेखणी चालवावी, याचे विज्ञानाच्या मित्रांना हसू येईल. पण वसतिगृहातल्या एका मित्राच्या पुस्तकात मी शाईने काढलेले एका पेशीचे चित्र पाहिले. निष्पर्ण झाडासारखे ते दिसत होते. ते कुणी काढले हे शोधता शोधता सान्तियागो रामोन इ काहाल या माणसाची ओळख झाली.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील एका खेड्यात झाला. मुलाला वेड चित्रांचे, तर शस्त्रवैद्य असलेल्या वडिलांना त्याला वैद्य करायचे होते. शाळेत रमेना म्हणून त्यांनी त्याला न्हाव्याकडे, पुढे जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. शेवटी वडिलांनीच हाडे समोर ठेवून शरीररचना शिकवली. हाडांची चित्रे काढता काढता मुलगा वैद्यकाकडे वळला. सैन्यातील डॉक्टर म्हणून तो क्युबाला गेला आणि मलेरियाने खंगून १८७५ मध्ये परतला.

१८८७ मध्ये काहाल यांनी इटलीच्या गोल्जी यांची रंगपद्धती पाहिली. तिच्यामुळे असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी संपूर्ण काळ्या होऊन उठून दिसतात. गोल्जी मेंदूला अखंड जाळे मानत. काहाल यांना प्रत्येक पेशी स्वतंत्र दिसली. निरोप वृक्षिकांतून आत येतो आणि अक्षतंतूतून बाहेर जातो, असे त्यांनी मांडले.

एकाच पेशीच्या दोन टोकांना दोन कामे कशी, याचा उलगडा पुढे झाला. पेशीच्या आवरणात आयन-मार्गिका असतात. त्या प्रथिनांच्या बनतात आणि बहुतेक पेशीच्या मुख्य भागात तयार होऊन, सूक्ष्मनलिकांच्या वाटेने नेल्या जातात. सोडियमच्या मार्गिका अक्षतंतूच्या आरंभी दाटीने बसतात. अँकिरिन-जी नावाचे प्रथिन त्यांना तेथे बांधून ठेवते आणि निरोपाची ठिणगी तेथेच पडते. कॅल्शियमच्या काही मार्गिका मात्र थेट अक्षतंतूच्या टोकाशी जातात. तेथे त्यांच्यामुळे निरोप पुढच्या पेशीच्या हाती पडतो. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे लवकर समजावे. आमच्या तामसीकडे कापूस पिकतो. गाठीवर खूण नसेल, तर चांगला मालही भलत्याच गोदामात पडून राहतो.

काहाल यांच्या मालाचीही तीच गत झाली होती. १८८८ मध्ये त्यांनी पदरमोड करून नियतकालिक काढले. पण ते स्पॅनिशमध्ये, युरोपात वाचणार कोण? १८८९ मध्ये ते काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यांनी एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी आणले. केलिकर यांच्यासारख्या वयोवृद्ध पंडिताने ते पाहिले आणि मान्य केले. १९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. गोल्जींनी मात्र त्या व्यासपीठावरही आपला हेका सोडला नाही. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी वारले.

माझ्या घरी मराठी, तामसीच्या बाजारात तेलुगू. तेलुगू लिपीच्या आधाराने या अंकाचा कन्नड विभागही मी अक्षरे जुळवत वाचतो. इंग्रजी व्याख्यानात मात्र शंका विचारायला माझी जीभ रेटत नाही. काहाल यांचे चरित्र वाचल्यापासून वाटते, की भाषा मोडकी असली तरी चालेल. दाखवायला हाती काहीतरी खरे हवे. पुढच्या तासाला मी हात वर करणार आहे.